आमची वाटचाल : सीडी राइट करण्यापासून सीडी वाचवण्यापर्यंत

सुरुवात सीडी राइट करून देण्यापासून झाली. लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, गावचं नमन, देवळातली डबलबारी, सगळं आधी सीडीवर आणि मग डीव्हीडीवर जायचं. रत्नागिरीत या कामाला तोटा नव्हता. पेन ड्राइव्ह आले, राइट करणं बंद झालं, आणि त्याच सीड्या ‘लागत नाही’ म्हणून यायला लागल्या. आता मुख्य धंदा तोच. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की जास्तच.

आमच्या मते कोकणात सीडीला ओरखड्यापेक्षा हवा अधिक नडते. राइट केलेल्या सीडीतला डेटा चकचकीत बाजूला नसतो, लेबलाखाली असतो. आधी १.२ मिलिमीटर प्लास्टिक, त्यावर रंगाचा थर, त्यावर चांदीचा पापुद्रा, आणि वरून नुसता लॅकरचा हात. लॅकर कुठे टवकला किंवा कडेला उघडा राहिला की दमट हवा आत शिरते आणि चांदी काळवंडते. लिखाण आतून बाहेर होत असल्यामुळे कडेच्या, म्हणजे शेवटी टाकलेल्या फायली आधी जातात. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तेवढा डेटा गेला, कितीही पॉलिश मारा. चिकटवलेलं कागदी लेबल सोलू नका, चांदी त्याच्याबरोबर निघते. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो. ती वरून सुरक्षित, पण कडेला डिंक सुटतो.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यातल्या सीड्यांचा प्रश्न वेगळा. सुकलेला चिखल पुसला की वाळूने ओरखडे पडतात. आधी स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायच्या, हलवून गाळ सोडवायचा, शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, आणि सावलीत उभ्या करून वाळवायच्या. पुसायचं ते मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला, तर तो एकाच वाटेवरचा लांबच लांब डेटा खातो. सीडीतली चूक-दुरुस्ती सलग अडीच मिलिमीटरच्या आसपासची तूट भरते, त्यापुढे नाही. टूथपेस्टचा उपाय घरोघरी करून झालेला असतो आणि बहुतेकदा आमचं काम वाढवून ठेवतो.

आमचा नियम: आधी इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमध्ये उतरवलेली नक्कल, मग इलाज. पॉलिश करण्यापूर्वी जेवढं वाचता येतं तेवढं उतरवून घ्यायचं. विंडोजमधून फायली कॉपी करत बसलं की ड्राइव्ह एकाच खराब जागी अडकतो. आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा उतरवणारा प्रोग्रॅम चालवतो, ब्लॉक २०४८ बाइटचा, म्हणजे सीडीवरच्या डेटाच्या एका तुकड्याएवढा (सेक्टर). पहिल्या फेरीत खराब भाग सोडून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत ड्राइव्हचा वेग कमी करून 4x वर आणून तेवढेच तुकडे पुन्हा मागायचे, मग उलट दिशेने. काय वाचलं आणि काय राहिलं हे मॅप फाइलमध्ये नोंदलं जातं. खरी गंमत इथे आहे: तीच सीडी आणि तीच मॅप फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेली की पहिल्याला न वाचलेले सेक्टर दुसरा वाचतो. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने ड्राइव्ह आम्ही भंगारात देत नाही. लेन्सवर बुरशी धरलेला ड्राइव्ह चांगल्या सीडीलाही नापास करतो, तेव्हा आधी तो तपासायचा.

इमेज अपुरी असली तरी सगळं जात नाही. व्हिडिओत एखादा सेक्टर गेला तर क्षणभर चौकोन दिसतात. जेपेग फोटोत मात्र बहुधा त्या जागेपासून खालचा भाग बिघडतो. सीडीवरची फायलींची यादीच खराब झाली असेल तर फोटोरेकसारख्या प्रोग्रॅमने फायली ओळखून काढता येतात, पण मूळ नावं जातात.

हँडीकॅमची ८ सेंटीमीटरची छोटी डीव्हीडी कोरी दिसत असेल, तर बहुतेकदा ती फायनलाइज झालेली नसते, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर लागण्यासाठी कॅमेऱ्यातच करायची शेवटची पायरी राहिलेली असते. डेटा आत असतो. कॅमेऱ्याने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर नाही म्हणा आणि कॅमेराही सोबत आणा.

भोकापासून तडा गेलेली सीडी आम्ही घेत नाही. जलद ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारतो. तडकलेली सीडी आत फुटली तर ड्राइव्हही जातो. ब्ल्यू-रेला पॉलिश मारत नाही, तिच्या डेटावर जेमतेम ०.१ मिलिमीटरचं आवरण असतं. काढलेला डेटा दोन ठिकाणी देतो, पेन ड्राइव्हवर आणि हार्ड डिस्कवर. नवीन सीडीवर देत नाही, कोणी मागितली तरी.