बाबूश पंतप्रधान झाला, पण मत कुणाचं होतं?

२६ नोव्हेंबर २०१५ ला लिस्बनमध्ये आंतोनियो कोस्ता यांनी पोर्तुगालच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी भारतात पहिला संविधान दिन साजरा होत होता. गंमत अशी की संविधानातली नागरिकत्वाची कलमं १९४९ साली याच तारखेला लागू झाली; बाकीच्या बहुतेक कलमांना २६ जानेवारीची वाट पाहावी लागली. त्यातलं नववं कलम म्हणतं, आपण होऊन परदेशाचं नागरिकत्व घेतलं की माणूस भारताचा नागरिक राहत नाही. आज हेच काम १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ करतं.

गोव्यात तेव्हा बोलणं चाललं होतं ते वेगळंच. मडगावच्या घराण्यातला, घरी ‘बाबूश’ म्हणून हाक मारला जाणारा मुलगा युरोपातल्या एका देशाचा पंतप्रधान झाला! कोस्तांचा जन्म १९६१ चा, लिस्बनचा. वडील ओर्लांदो द कोस्ता लेखक. जन्म मोझांबिकचा, वाढले गोव्यात. आनंद खराच होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण हा आनंद आडनावावरून होतो आणि पंतप्रधान निवडायचा हक्क कागदावरून मिळतो. परदेशातल्या गोंयकाराच्या, म्हणजे गोवेकराच्या, बाबतीत या दोन गोष्टी क्वचितच एका रेषेत येतात.

हे सर्वांत जास्त कळतं ते इंग्लंडमध्ये. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि त्यातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले. ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं ते ब्रिटिश, आयरिश आणि तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणजे एकाच घरातले दोघे भाऊ धरा. एक भारतीय पासपोर्टवर विद्यार्थी म्हणून आला, दुसरा पोर्तुगीज पासपोर्टवर गोदामात काम करायला. नाव नोंदवलेलं असेल तर पहिल्याला ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मत होतं. दुसरा दहा वर्षं तिथे कर भरत असला तरी त्याला नव्हतं. त्याला मिळतं ते स्थानिक कौन्सिलचं मत. ऋषी सुनक २४ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, पक्षाचे नेते झाले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान. सर्वसामान्य मतदाराला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं. खासदारांच्या पाठिंब्यावर बिनविरोध निवड झाली. ‘आपल्या लोकांनी आपला माणूस आणला’ हे वाक्य त्या आठवड्यात फोनाफोनी फिरलं, त्यात ‘आपल्या लोकांनी’ हा भाग साफ चुकीचा होता.

उलट त्या दुसऱ्या भावाला लिस्बनच्या पंतप्रधानासाठी मत असतं, आणि हे अनेकांना माहीतच नसतं. पोर्तुगालच्या संसदेत २३० जागा आहेत. त्यातल्या चार परदेशस्थ नागरिकांच्या: दोन युरोपातल्यांसाठी, दोन युरोपाबाहेरच्यांसाठी. स्विंडनचा गोंयकार पहिल्या मतदारसंघात, आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन म्हापशातच राहिलेला गोंयकार दुसऱ्या. २०१८ च्या बदलानंतर वेगळी नावनोंदणी लागत नाही. सिटिझन कार्डावर परदेशातला पत्ता असला की नाव यादीत आपोआप चढतं. मतपत्रिका टपालाने त्या पत्त्यावर येते.

इथून पुढे चुका सुरू होतात. पाकिटात तीन वस्तू असतात: मतपत्रिका, एक हिरवं पाकीट आणि एक पांढरं. मतपत्रिकेवर खूण करून ती हिरव्या पाकिटात घालायची आणि ते बंद करायचं. हिरव्यावर नाव, सही काहीही लिहायचं नाही. मग सिटिझन कार्डाची झेरॉक्स आणि हिरवं पाकीट दोन्ही पांढऱ्यात. झेरॉक्स हिरव्यात गेली तर मत गुप्त राहत नाही, आणि अजिबात घातली नाही तर मत कुणाचं ते पटत नाही. २०२२ च्या जानेवारीत युरोप मतदारसंघात हेच झालं. कार्डाची प्रत नसलेली मतं काही मोजणी टेबलांवर बाकीच्या मतांत मिसळली. नंतर ती वेगळी काढणार कशी? दीड लाखाहून अधिक मतं, म्हणजे पडलेल्या मतांपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर, रद्द झाली. घटनात्मक न्यायालयाने त्या मतदारसंघात फेरमतदान घ्यायला लावलं. स्पष्ट बहुमत मिळूनही कोस्तांचं नवं सरकार मार्च संपता संपता शपथ घेऊ शकलं. एका झेरॉक्सने सरकार महिनाभराहून अधिक थांबवलं, आणि ती झेरॉक्स होती परदेशस्थांची. आपल्या चार जागांना कोण विचारतो, असं म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता मुळाशी जाऊ. गोंयकाराला पोर्तुगीज कागद मिळतो तो कशावरून? पोर्तुगालच्या हिशेबाने १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस जन्मतःच पोर्तुगीज होता. त्यामुळे लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात त्याचा जन्म चढवणं म्हणजे नवं नागरिकत्व देणं नव्हे, जुनंच वहीत लिहिणं. भारताचा हिशेब निराळा. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, ज्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म इथे झाला होता, तो २० डिसेंबर १९६१ पासून भारताचा नागरिक मानला गेला. नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. फार थोड्यांनी कळवलं. म्हणून आज कुणी लिस्बनला नोंद केली की भारताला ते ‘आपण होऊन घेतलेलं’ परकं नागरिकत्व दिसतं. एकच नोंद; एका देशाला ती १९६१ च्या आधीची वाटते, दुसऱ्याला कालची. ओळखीच्या सगळ्या चर्चा या फटीत अडकलेल्या आहेत, भाषणांत नाही.

ही फट अंगावर येते ती तारखांमुळे. समजा एखाद्याने २०१० साली लिस्बनला जन्म नोंदवला, पण जायचं नक्की नव्हतं म्हणून २०१४ साली भारतीय पासपोर्ट नेहमीसारखा नवा करून घेतला, आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढला २०१८ मध्ये. त्याच्या डोक्यात नागरिकत्व बदललं २०१८ ला. पासपोर्ट कार्यालय २०१० ची तारीख धरतं, आणि मग २०१४ चा पासपोर्ट माहिती लपवून घेतलेला ठरतो. तो ‘सरेंडर’ (आपण होऊन परत केलेला) होत नाही, ‘रिव्होक’ (सरकारने रद्द केलेला) होतो. दोन्ही शब्दांचा अर्थ पासपोर्ट गेला एवढाच वाटतो, पण ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतवंशीयांना मिळणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाच्या, अर्जाला सरेंडर सर्टिफिकेट मागितलं जायचं. २०२२ च्या अखेरीनंतर शेकडो घरं या एका शब्दावर अडून बसलेली दिसली. म्हणून लिस्बनची नोंद आधी आणि भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण नंतर, हा क्रम कधीही करू नये. एजंट ‘काही होत नाही’ म्हणेल. त्याचं काही होत नाही, हे खरं.

आणि ओसीआय कार्ड हाती आलं तरी नावातल्या ‘सिटिझन’ शब्दावर जाऊ नये. त्या कार्डाने आजीवन व्हिसा मिळतो, वडिलोपार्जित घर वारशाने घेता येतं. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये बेंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसात पंतप्रधान मोदींनी कोस्तांना हेच कार्ड दिलं. दुसऱ्या एका देशाच्या पंतप्रधानाला ‘भारताचा नागरिक’ असं छापलेलं कार्ड मिळालं, आणि त्या कार्डावर त्याला गोव्याच्या साष्टी तालुक्यातली एक खाजन (खाडीकाठची शेत) जमीन विकत घेता आली नसती की पंचायतीला मत देता आलं नसतं.

मराठी घरांत अजून एक अडचण असते, ती नावाची. जुन्या वहीतली जन्मनोंद तपशीलवार उतरवून देतात, तिला इथे ‘तेओर’ म्हणतात. लिस्बनला तीच लागते, अपोस्टील (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून. पोर्तुगीज लिपीत तेव्हा के, डब्ल्यू, वाय ही अक्षरं धरत नसत. त्यामुळे नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई आलं, काकोडकर सी ने लिहिले गेले, शंकरचा ‘श’ एक्सने, प्रभूंचे ‘पोरोब’ झाले, शेणवींचे ‘सिनाय’. मुक्तीनंतर शाळेत इंग्रजी पद्धतीने नाव पडलं. म्हणजे जन्मनोंदीत एक माणूस, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, लग्नाच्या नोंदीत तिसरा. फोंडा-डिचोलीकडच्या अर्जांत हे हटकून सापडतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं अॅफिडेव्हिट करून लोक मोकळे होतात आणि फाईल परत येते, कारण लिस्बनचा कारकून अॅफिडेव्हिट वाचत नाही, नोंदी ताडून बघतो. नोंद मुळातच दुरुस्त करून घ्यावी. क्रमही पाळावा: आधी वडिलांचा किंवा आईचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग मुलाचा जन्म. लग्न चढवलं नाही तर मुलाचं नातं सिद्ध होत नाही.

या सगळ्यात ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात जायचं की नाही हे ठरवलं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहायची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. त्याआधी मुंबईत आणि बाहेर असलेल्या गोवेकरांनाही मत द्या, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. बाहेरच्या गोंयकाराचं मत हा वाद तेव्हापासूनचा आहे. तेव्हा मुंबईत राहणाऱ्याला नाकारलं, आज कुवेतमधल्याला देतो, पण अर्ध्या हाताने: भारतीय पासपोर्ट असलेल्याने नमुना ६अ भरायचा आणि मतदानाच्या दिवशी स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहायचं. टपाल नाही, प्रतिनिधी नाही. विमानाचं तिकीट हाच मतदानाचा खर्च.

पत्रादेवीची हद्द ओलांडून मालवण तालुक्यातल्या वराडला गेलं की हीच गोष्ट दुसऱ्या रंगात दिसते. लिओ वराडकर १४ जून २०१७ ला आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात वडिलांच्या गावी येऊन गेले. त्यांचा जन्म १९७९ चा, डब्लिनचा. त्या काळी आयर्लंडच्या मातीत जन्म झाला की झालं. २००४ च्या सार्वमताने ते दार अरुंद केलं. २००५ पासून आईवडील दोघेही परके असतील, तर त्यांच्यापैकी एकाने जन्माआधीच्या चार वर्षांत तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य केलेलं असावं लागतं. डब्लिनच्या इस्पितळांत नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या नर्सेसनी हा हिशेब बाळंतपणाआधी करावा. शिक्षणाच्या व्हिसावरचा काळ त्यात धरत नाहीत. आणि हो, भारतीय पासपोर्टवर तिथे फक्त स्थानिक निवडणुकीचं मत मिळतं, संसदेचं नाही.

जाता जाता पत्त्याचं. पोर्तुगीज कार्ड काढताना एजंटने सोयीसाठी लिस्बनमधला कुणाचा तरी पत्ता टाकलेला असेल, तर तो माणूस कायद्याने लिस्बनच्या त्या वॉर्डाचा मतदार असतो. हिरवं पाकीट त्याच्याकडे येणारच नाही. मत द्यायचं तर तिथल्या केंद्रावर उभं राहावं लागेल. म्हापशातल्या घराचा पत्ता टाकला आणि माणूस स्विंडनला राहायला गेला, तर पाकीट म्हापशाला येऊन पोस्टमनच्या हातात फिरत राहतं. घर बदललं की पत्ता कार्डात बदलायचा, निवडणूक जाहीर व्हायच्या आधी. आणि पोर्तुगीज कार्ड हाती आल्यावर गोव्याच्या यादीतलं नाव नमुना ७ भरून काढायचं. नाव राहिलं म्हणून हक्क राहत नाही. नागरिक आहे असं खोटं लिहून दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.