तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा खारघरच

लग्नात भेटा, मयताला भेटा, मुलुंड स्टेशनच्या पुलावर गर्दीत भेटा, तुमचा प्रश्न ठरलेला: "मग, यंदा गोल्फ कुठे खेळणार?" मी खारघर म्हटलं की पुढचाही ठरलेला: "अरे पण खारघर का?" तोंडी उत्तरं देऊन कंटाळलो. प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय, हेही आता तुमच्यात जुळवून बघितलं गेलंय म्हणे. तेव्हा एकदाच लिहितो.

आधी एक मान्य करा. मुंबईत गोल्फ कोर्स 'निवडायचा' असतो हेच मुळात विनोदी आहे. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, 1927 पासूनचं. ताडदेवचं विलिंग्डन. कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाचा यू. एस. (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब, तो फौजेतल्यांचा. संपली यादी. कोर्स कसा आहे, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) किती फास्ट आहेत, वारा कुठून येतो, हे प्रश्न आपल्याकडे नंतरचे. पहिला प्रश्न, गेटवर तुमचं काय नातं आहे? विलिंग्डन तर 1918 मध्ये गव्हर्नरनं काढलं तेच हिंदी आणि युरोपीय दोघांनाही आत घेणारा क्लब म्हणून. आज त्याच्या मेंबरशिपबद्दल कुणाला विचारून बघा, माणूस आधी हसतो.

नेरुळला होणार होतं, असं तुमच्यातला एक जण अजून हळहळून सांगतो. झालं नाही तेच बरं. पाणथळीवर कोर्स करायचा तो बेत 2018 मध्ये हायकोर्टानं रद्द केला, आणि फ्लेमिंगोंना उठवून मला तिथे पटिंग (ग्रीनवर बॉल हळूच होलमध्ये ढकलणं) करायचं नव्हतं. नाशिकचं नाव घेणाऱ्याला एवढंच सांगतो की तिथल्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात.

राहिलं खारघर. सिडकोचं, 2012 मध्ये सुरू झालेलं. मेंबर नसलात तरी पैसे भरा आणि खेळा. "मग जुन्या ठिकाणी आमच्याबरोबर गेस्ट म्हणून ये ना," हे तुमचं म्हणणं. मनापासून म्हणता, माहीत आहे. एकदा आलो होतो की.

जुनं ठिकाण कुठलं, ते तुम्हाला माहीत आहे. तिथे मी कधीच मेंबर नव्हतो, हे मात्र तुम्ही विसरता. मेंबर कंपनी होती, मी तिचा नॉमिनी, म्हणजे तिच्या वतीनं खेळणारा. रिटायर झालो त्या महिन्याच्या शेवटी गाडी गेली, लॅपटॉप गेला आणि क्लबही गेला. नॉमिनीच्या जागी ज्याचं नाव लागलं त्याची शिफारस मीच केली होती. चांगला मुलगा आहे. माझ्या हाताखाली तयार झाला, ग्रिप धरायलाही मीच शिकवली.

त्यानंच बोलावलं. "सर, रविवारी एक जण कमी पडतोय, या ना." गेलो. गेटवरच्या गार्डनं नेहमीसारखा सलाम केला. स्टार्टरच्या, म्हणजे खेळायला सोडणाऱ्याच्या, टेबलावर रजिस्टर होतं. स्टार्टर मला इतकी वर्षं ओळखतो, पण त्याचं पेन हवेतच थांबलं. मग त्यानं रजिस्टर माझ्यावरून सरकवून पलीकडे त्या मुलासमोर ठेवलं. नियमच तसा आहे, गेस्टची सही मेंबरनं करायची. मी उगाच शूजच्या लेस बांधत राहिलो.

माझा कॅडी, बॅग उचलणारा आणि शॉट सुचवणारा, आता त्या मुलाची बॅग उचलतो. हेही बरोबरच आहे, कॅडीनं का उपाशी राहायचं? पण तिसऱ्या ग्रीनवर मी पटला उभा राहिलो आणि तो सवयीनं मागून पुटपुटला, "साहेब, एक कप लेफ्ट." म्हणजे होलच्या एका रुंदीएवढं डावीकडे मारा. पट गेला आत. मॅच त्या मुलाविरुद्ध होती! सगळे हसले, मीही हसलो, कॅडी तेवढा लाल झाला. त्यानंतर तो ग्रीनवर माझ्याकडे बघेचना, फ्लॅग धरून दुसरीकडे तोंड करून उभा.

नवव्या होलनंतरच्या चहाच्या हटवर मी नेहमीसारखं म्हणालो, "चार चहा, चार सँडविच, आणि कॅडींना काय हवं ते." पोऱ्यानं चिट फाडली. मी हात पुढे केला. त्यानं चिट दिली नाही. देईना आणि मागेही घेईना, चिट हातात धरून एकदा माझ्याकडे, एकदा त्या मुलाकडे बघत राहिला. तिथे रोख चालत नाही, सही चालते, आणि सही मेंबरची. खिशात पैसे होते. कितीही असते तरी त्या हटवर मला चहा पाजता आला नसता. त्या मुलानं पटकन सही केली आणि म्हणाला, "सर, असं काय, सगळं तुमच्यामुळेच तर आहे. तुम्ही कधीही या."

त्याचं काही चुकलं नाही. पोऱ्याचं नाही, स्टार्टरचं नाही, नियमाचंही नाही. मी मेंबर असतो तर हाच नियम मोडणाऱ्याची तक्रार केली असती. त्या दिवशी खेळलोही छान, कित्येक महिन्यांत नव्हतो खेळलो असा. अठरावं संपल्यावर सगळ्यांशी हात मिळवले, टोपी काढली. आंघोळ न करता घरी आलो.

बायको म्हणते, एका चहाचं किती करशील? बरोबर आहे तिचं. पैशाचा प्रश्न नाही असं मी तुम्हाला सांगत आलो, तर तोही आहे. स्वतःच्या नावावर मेंबरशिप मिळायची तर आधी रांग, मग रांग सरेपर्यंत आपण किती उरलो ते बघायचं, आणि मग आकडा. मुलीच्या घराचं डाउन पेमेंट की माझे अठरा होल, असा घरात प्रश्न निघालाच तर उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तो काढत नाही.

दुसरं, मेंबरशिप गेली तसा हँडिकॅपही, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडाही, गेला. 2020 पासूनच्या नव्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांची सरासरी धरतात, पण त्यासाठी तुम्ही कुठल्या तरी क्लबात असायला हवे. मी सोळावर होतो. आता कितीवर आहे, तुम्हीच सांगा. स्पर्धेत घालू नका म्हणतो ते म्हणून. नखरा नाही.

खारघरची नाडी मला माहीत आहे. कोर्स अकरा होलचा, पुरी फेरी अठराची. अठरा होणार, होणार, हे इतकी वर्षं ऐकतोय. आपण सुरुवातीला एकदा तिथे गेलो होतो, तेव्हा मीच म्हणालो होतो की अकरा होलला गोल्फ म्हणत नाहीत, याला फेरफटका म्हणतात. तुम्ही ते वाक्य मला अजून ऐकवता. ऐकवा. मी तेव्हा नॉमिनी होतो, कंपनीच्या गाडीतून आलो होतो आणि दुपारी जेवायला परत क्लबात जायचं होतं. तो माणूस बरोबरच बोलत होता, त्याच्या जागेवरून. आजही अकरा संपवून पहिली सात पुन्हा खेळताना तो माझ्याबरोबर चालतो आणि विचारतो, हे अठरा धरायचे का? मी धरतो. तो धरत नाही. बाराव्याला पहिलंच होल परत समोर आलं की त्याचं पारडं जड होतं, हे कबूल.

पण ती टेकडी बघा. सपाट उभं राहून शॉट मारायला फारसा मिळतच नाही, एक पाय वर, एक खाली. पाऊस संपता संपता रफ (कडेचं उंच गवत) इतकं माजलेलं असतं की बॉल शोधायची तीन मिनिटं (2019 च्या आधी पाच होती, तेव्हा बरं होतं) कुठे जातात कळत नाही. जून ते सप्टेंबर मी जातच नाही, त्या दिवसांत पांडवकड्याच्या धबधब्याकडे बघायचं, खेळायचं नाही. मेन सीझन दिवाळीनंतर.

आणि हो, ट्रेननं जातो. मुलुंडहून ठाणे, तिथून पनवेल लोकल. गाडी मुलगी नेते. चौदा क्लब (खेळायच्या काठ्या) न्यायची मुभा आहे, मी सातच नेतो, खांद्याला तेवढेच झेपतात. लगेजच्या डब्यात भाजीच्या पाट्यांशेजारी बॅग उभी करतो. "क्रिकेट का, काका?" असं कुणीतरी विचारतंच. मी हो म्हणतो. परतताना सेंट्रल पार्कहून बेलापूरपर्यंत मेट्रो आहे.

आता तुमच्यातला वकील म्हणेल, मग कुलाब्याला तुझ्या फौजेतल्या कमांडर मित्राबरोबर कसा जातोस? तिथेही गेस्टच असतोस, तिथेही सही तोच करतो. जातो खरा. यंदाही जानेवारीत जाणार आहे. तिथे मला काही वाटत नाही आणि जुन्या ठिकाणी वाटतं. तिथे मी कधी सही केलेली नव्हती म्हणून असेल, किंवा कमांडरला मी ग्रिप शिकवलेली नाही म्हणून. या दोन्हीपैकी कुठलंही कारण मोठ्यानं सांगण्यासारखं नाही, म्हणून इतके दिवस टाळलं.

तर यंदा खारघर, जानेवारीत एकदा कुलाबा, आणि भाचा यायला म्हणाला तर पुणे. जुन्या ठिकाणी नाही. त्या मुलाला यातलं काही सांगू नका, तो पुन्हा फोन करेल आणि मला पुन्हा गुडघ्याचं कारण द्यावं लागेल.

कुणाला यायचं असेल तर आदल्या रात्री कळवा. ठाण्याला पुढच्या लगेजच्या डब्यात असेन. चहा बाहेरच्या टपरीवर, माझ्याकडून.