कोर्टानंतरचे रविवार

आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला, त्यामुळे कोर्टाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब. अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, मग पुन्हा दोघांनी येऊन ‘हो, अजून हेच हवंय’ म्हणायचं. हे सहा महिने परिस्थिती पाहून माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आमची केस त्याच्या आधीची, म्हणून आम्ही थांबलो. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, आम्ही शांतपणे उत्तरं दिली आणि निकाल हातात पडला. लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती माझ्याकडे राहणार आणि एक आड एक शनिवार-रविवार बाबाकडे जाणार, असं ठरलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे कागद. निकालाच्या सर्टिफाइड कॉपी एकदम भरपूर काढून ठेवा, जो तो एक मागतो. घटस्फोट झाला म्हणून बँक, विमा किंवा पीएफमधला नॉमिनी आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बदलावा लागतो. दोघांच्या नावावर गृहकर्ज असेल तर कोर्टात हप्त्यांचं काहीही ठरलेलं असो, बँकेच्या लेखी कर्जदार दोघंही राहतात. आमचा फ्लॅट आम्ही विकून मोकळे झालो आणि मी सहकारनगरला आई-बाबांच्या जवळ भाड्याने राहायला आले. त्याच सुमाराला मृत्युपत्रही केलं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. चाळिशीही न गाठलेल्या बाईने मृत्युपत्र केलं म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. मला मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. माझ्या पश्चात लेकीचं काय, हे मी एकटीने ठरवून कागदावर उतरवलं होतं.

नावाचा प्रश्न जरा लांबला. माहेरचं आडनाव परत घ्यायचं हे नक्की होतं, पण मधल्या नावाचं काय? आधी बाबांचं होतं, मग नवऱ्याचं आलं, आता पुन्हा बाबांचं? शेवटी मी तिथे आईचं नाव लावलं आणि त्यासाठी राजपत्रात नावबदल छापून घेतला. मग आधार, पॅन, बँका आणि मुंढव्याला पासपोर्टची फेरी. आईला हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न, “बाबांना काय वाटेल?” बाबांना एवढंच वाटलं की सही फार लांब होईल.

आईची तेव्हाची एक गंमत सांगायला हवी. नातेवाइकांनी माझी चौकशी केली की ती म्हणायची, “ती सध्या इकडेच असते.” हे ‘सध्या’ काही वर्षं चाललं. मीही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. पुण्यात लोकांना सगळं माहीत असतंच, फक्त ते तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

कागद संपले, तरी रविवार उरले. लेक बाबाकडे गेली की शनिवारी संध्याकाळपासून घर अंगावर यायचं. सगळे सल्ला द्यायचे की आता स्वतःसाठी वेळ काढ. वेळ भरपूर होता हो, पंचाईत तीच तर होती. सुरुवातीला मी कपाटं आवरली. मग तळजाईला पहाटे जायला लागले. तिथे ओळखी झाल्या, पण टेकडीवरच्या ओळखी नमस्कार आणि गुडघेदुखी यांच्या पुढे जात नाहीत. ‘स्वतःला शोधा’ छापाचं एक शिबिर केलं. डोळे मिटून लहानपणच्या स्वतःला मिठी मारायला सांगितलं, तेव्हा हसू आवरेना. ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांना खुशाल होवो.

मोडी या जुन्या मराठी कागदांच्या लिपीच्या वर्गात गेले ते निव्वळ वेळ सोयीची होती म्हणून. सदाशिव पेठेत एका शाळेच्या खोलीत, रविवारी सकाळी. वर्गात निवृत्त मंडळी, इतिहासाची दोन-चार मुलं, वाड्याचे जुने कागद घेऊन आलेले एक गृहस्थ आणि मी. आधी पूर्ण ओळीची आडवी रेघ मारायची, मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. वेलांटी सहसा दीर्घच, उकार ह्रस्वच. शुद्धलेखनाने आयुष्यभर छळलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठला!

लिहिणं लवकर जमलं. वाचनाने मात्र घाम काढला. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. शब्द कुठे संपतो हे अर्थ लागल्याशिवाय कळत नाही आणि शब्द सुटल्याशिवाय अर्थ लागत नाही. त्यात तारखा शुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या कागदांतल्या कालगणनेत, आणि आकडे अरबी शब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२-७३, माधवराव पेशवे गेले आणि नारायणराव गादीवर आले ते वर्ष. हे पहिल्यांदा कोणाच्याही मदतीशिवाय सोडवलं, तेव्हा मी घरात एकटीच मोठ्याने ओरडले. त्या संध्याकाळी लेक परत आली तर मी कागदावर वाकलेली, स्वयंपाक झालेला नाही. तिने दोघींसाठी मॅगी केली. तिच्या येण्याची वाट न बघता गेलेला तो माझा पहिला रविवार.

त्या यशाचं फार कौतुक करून घेऊ नये, असं मला वाटतं. मोडीने माझं दुःख वगैरे हलकं केलं नाही. ते आपल्या गतीने कमी होत होतंच, आणि गणपतीत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात उसळी मारून वरही येत होतं. फरक एवढाच पडला की माझ्याबद्दल बोलायला लोकांना दुसरा विषय मिळाला. आई तर ‘सध्या’ सोडून “ती पेशव्यांचे कागद वाचते” असं सांगायला लागली. (पेशव्यांचे फार थोडे. बहुतेक कोणाचं तरी कर्ज, कोणाचा तरी बांध.)

पुढे वर्गातल्या सरांबरोबर पुणे पुरालेखागारात, जुन्या लोकांच्या भाषेत पेशवे दप्तरात, जायला लागले. मग लोक घरचे कागद घेऊन यायला लागले. जमिनीच्या वादात जुनं खरेदीखत मोडीत निघालं की वकिलाला देवनागरी लिप्यंतर लागतं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. तेव्हा नोकरी सांभाळून रात्री कागद वाचले. चष्म्याचा नंबर वाढला, बँकेत थोडे पैसेही वाढले. हे पैसे मी घरखर्चात घातले नाहीत. त्यातून एकटीने हंपीला जाऊन आले.

दुसऱ्या लग्नाचं विचारतात. दोन स्थळं पाहिली. दोन्ही माणसं भली होती. एकाने विचारलं, “हे मोडीचं लग्नानंतरही चालू ठेवणार का?” प्रश्न साधाच होता, चहाही चांगला होता, पण माझा उत्साह तिथेच संपला. उद्या कोणी बरं भेटलंच तर बघू. घाई नाही.

लेक आता कॉलेजात आहे. बाबाकडे कधी जायचं ते तिचं ती ठरवते. तिचा बाबा आणि मी तिच्या फीच्या तारखेला एकमेकांना मेसेज करतो, एवढं पुरतं. माझी खरी अडचण वेगळीच आहे. लिप्यंतराचे पानाला किती घ्यायचे, ते अजून ठरत नाही. अनोळखी माणूस सांगितला आकडा मुकाट्याने देतो. ओळखीचे मात्र “अहो, चारच तर ओळी आहेत” म्हणतात आणि मग आतल्या खिशातून सात पानांची गुंडाळी काढतात.