चोप उंचावला की

फाल्गुनात ही गेली. घरातले म्हणाले, यंदा वारी राहू द्या. दिंडीतल्या विणेकरी बाबांनी मात्र फोनवर एवढंच विचारलं, "मग मृदंग कोण वाजवणार?" सांत्वनाला येऊन गेलेल्या कुणीच असं काही विचारलं नव्हतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाला मी आळंदीत होतो.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि मागे डोईवर तुळस घेतलेल्या बायका. ही त्यांच्यात असायची. दिसायची नाही, पण मागे आहे एवढं माहीत असायचं. यंदा ते वृंदावन सूनबाईंच्या डोक्यावर होतं. मी मागे वळून बघायचं टाळलं.

मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे धुम्याला, कणीक लावावी लागते. ती हीच भिजवून द्यायची. आता पहाटे राहुटीत मीच परात घेऊन बसायचो. गोळा पुडीच्या मध्यावर थापायचा, थाप मारून ऐकायचं, जराशी काढायची, जराशी लावायची, खर्ज भरेपर्यंत. पावसाळी हवेत पुडी सैल पडते, मग वादीखालचे लाकडी गट्टे ठोका. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. अर्ध्या चढावर रडू फुटलं. हात थांबला नाही, थांबवणार तरी कसा? पुढच्या टाळकऱ्यांची पावलं त्याच ठेक्यावर पडत होती. शेजारच्या माऊलींनी आपल्या उपरण्यानं माझं तोंड पुसलं आणि पुन्हा टाळ धरले, चकार शब्द नाही. नामात दुःख विसरतं म्हणतात. माझं काही विसरलं नाही. पण त्यालाही ठेका धरून चालावं लागत होतं.

अवघड जायची ती समाज आरती. तळावर सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावतात आणि हजारो टाळ-मृदंग एकदम बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिचं ऐकून घेतात. लोणंदला त्या शांततेत माझा हात पुडीवर शिवशिवत होता. तक्रार होतीच माझी! बाबांनी ते ओळखलं. म्हणाले, "तुमची तक्रार इथं कोण घेणार? ती पंढरपुरात सांगा."

फलटण सोडल्यावर दिंडीतलं एक पोरगं मागे लागलं, मला वाजवायला शिकवा. त्याला आधी कणकेला बसवलं. पहिला गोळा इतका पातळ की हाताला चिकटून बसला. पंढरपूरच्या आधीच्या मुक्कामापर्यंत, वाखरीपर्यंत, कणीक जमली, डावा हात अजून जड आहे. पुढच्या वारीत घाटाचा खालचा चढ त्याला देणार आहे; वरचा माझाच.