दोन गोळ्या आणि मायची किडनी

मायनं दिलेली किडनी नऊ वर्षांपासून माझ्या अंगात आहे. शरीरानं ती नाकारू नये म्हणून रोज अझाथायोप्रिन १०० मिलिग्रॅम, सोबत प्रेडनिसोलोन. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दर तीन महिन्यांनी एसटीनं नागपूर गाठायचं आणि रक्त तपासून यायचं.

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी भरात असताना, एका रात्री उजव्या पायाचा अंगठा पेटला. पांघरूण लागलं तरी कळ मस्तकात जायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, युरिक ॲसिड ९.४, म्हणजे गाऊट. सूज उतरल्यावर युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ३०० सुरू केली. दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "किडनीच्या." नावं त्यांनी विचारली नाहीत, मी सांगितली नाहीत. फाइल घरी पेटीत होती.

अंगठा शांत झाला. पाचव्या आठवड्यात मात्र तोंड आलं, भाकर गिळवेना. मग ताप. बायकोनं पोटऱ्यांवरचे निळे डाग पाहिले. "कुठं पडले होते का वो तुमी?" मी कुठंच पडलो नव्हतो. त्याच रात्री गाडी करून नागपूर. पांढऱ्या पेशी १,१००. चार हजारांच्या वर हव्यात. प्लेटलेट ३८ हजार, हिमोग्लोबिन ६.९.

तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्यांचे पत्ते टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. अझाथायोप्रिनचं शरीरात मर्कॅप्टोप्युरिन होतं. त्याचा बराचसा भाग झॅन्थिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम निकामी करतं. युरिक ॲसिडही तेच एन्झाइम बनवतं, म्हणून ॲलोप्युरिनॉल नेमकं त्यालाच अडवतं. मग मर्कॅप्टोप्युरिन साचत जातं आणि हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं थांबतं. एकत्र देणं भागच असेल तर अझाथायोप्रिन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि रक्त वारंवार तपासतात. माझा डोस पुराच चालू होता. फेब्युक्सोस्टॅटही तेच एन्झाइम रोखते, त्यामुळे नुसती गाऊटची गोळी बदलून भागणार नव्हतं.

नंतर वाचलं आणि सुन्न झालो. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्याच प्रयोगशाळेतून ही दोन्ही औषधं आली. १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. ॲलोप्युरिनॉल आधी तपासलं गेलं तेच रक्ताच्या कॅन्सरवर देतात त्या मर्कॅप्टोप्युरिनचा असर वाढवण्यासाठी. म्हणजे ही गोष्ट पहिल्यापासून माहीत होती.

दोन्ही गोळ्या लगेच बंद झाल्या. अकरा दिवस वेगळ्या खोलीत, दोन बाटल्या रक्त, पेशी वाढवायची इंजेक्शनं. माय दाराच्या काचेतून पाहायची. डॉक्टर बाहेर आले की एकच विचारायची, "किडनी तं बरी हाय ना, बापू?" किडनी बरी होती. पुढे अझाथायोप्रिनच्या जागी मायकोफेनोलेट आलं. त्याचा या एन्झाइमशी संबंध नाही, म्हणून ॲलोप्युरिनॉल १०० पासून पुन्हा सुरू करता आली.

गावी परतल्यावर फाइल घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही. त्यांनी सगळे कागद पाहिले, बराच वेळ बोलले नाहीत. मग कंपाउंडरला हाक मारून म्हणाले, "यापुढं पेशंटच्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते आधी टेबलावर ठेवत जा."