पुडीतल्या गोळ्या

कापसाची वेचणी सुरू झाली की अमळनेरकडे माझ्या ओपीडीत कंबर-गुडघे धरून येणाऱ्या बायका कमी होतात. दुखणं थांबलेलं नसतं, मजुरी बुडवून दवाखान्यात यायला सवड नसते. मग गावातच कुणाकडून तरी कागदाची पुडी मिळते. दोन-तीन रंगांच्या सुट्या गोळ्या, त्यावर नाव नाही, गाव नाही. खाल्ली की कंबर मोकळी. या पुडीची मला किती धास्ती आहे, ते एका केसवरून सांगतो.

दिवाळीनंतरची रात्र. पारोळ्याकडच्या खेड्यातून साठीची एक बाई रिक्षात आडवी घालून आणली. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मायनं पोट कालपासून फुगेल शे. सोडा पाजा, काही फरक पडना नही.” नाडी 130, बीपी 90 च्या खाली, जीभ कोरडी, हातपाय गार. जठराला भोक पडलं की पोट फळीसारखं कडक लागतं. हिचं मऊ लागलं. दाबल्यावर ती फक्त डोळे गच्च मिटायची. मात्र चेहरा गोल, सुजलेला, हातावरची कातडी पातळ आणि तिच्यावर काळेनिळे डाग. “माय, गोळ्या कोणत्या खातेस?” तिने लुगड्याच्या गाठीतून पुडी काढली.

पुडीतली सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी जठराचं अस्तर राखणारी यंत्रणा मोडते. जोडीला स्टेरॉइड असलं, आणि तिचा गोल चेहरा, पातळ कातडी तेच सांगत होती, तर आतला दाह झाकलाही जातो. ताप चढत नाही, पोट कडक होत नाही. म्हणून अशा पेशंटच्या मऊ पोटावर मी विश्वास ठेवत नाही. तिला उभं राहता येईना. मुलाने मागून टेकू देऊन बसवलं आणि छातीचा एक्स-रे घेतला. उजव्या बाजूला, यकृत आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या मधे हवेची काळी कोर स्पष्ट होती, म्हणजे भोक पडलंच होतं.

अशा वेळी नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरने लगेच चाकू घ्यावा. पण कोरड्या पडलेल्या शरीराला भूल सोसत नाही. नाकातून नळी, लघवीची नळी, भराभर सलाईन, अँटिबायोटिक. शिवाय हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच. बरेच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतं. भूलतज्ज्ञ धुळ्याहून येईपर्यंत लघवी उतरू लागली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पोट उघडलं तर हिरवट पिवळं पाणी आणि त्यात खिचडीची शितं. ते ओढून काढल्यावर भोक दिसलं, ड्युओडेनमच्या, म्हणजे जठराला लागूनच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, पुढच्या बाजूला, जेमतेम पाच मिलिमीटरचं. कडा इतक्या ठिसूळ की टाका ओढला असता तर फाटल्याच असत्या. अशा भोकावर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा, ओमेंटमचा, एक पदर आणून बसवायचा. कॅनडाचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी ही पद्धत 1937 मध्ये मांडली आणि आम्ही आजही तीच वापरतो. तीन टाके, त्यांवर तो पदर, मग गाठी. खरं कौशल्य गाठीतच आहे. सैल राहिली तर गळती, करकचून आवळली तर पदराचा रक्तपुरवठा तुटतो. टाक्यांना काही मिनिटं लागली. कोमट सलाईनने पोट धुवायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला, आणि माझ्या मते पेशंट त्या धुण्यावरच जास्त वाचतो.

ॲसिड कमी करणारी औषधं आली, अल्सर, म्हणजे जठर-आतड्यातली जखम, करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं, अल्सरची मोठी ऑपरेशनं जवळपास बंद पडली. फुटलेले अल्सर मात्र टेबलावर येतातच, आणि आमच्याकडे त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे अशी पुडी निघते.

जखम थोडी चिघळली, स्टेरॉइडवाल्यांची उशिरा भरतेच. पण माय तगली. डिस्चार्जच्या दिवशी तिने विचारलं, “आते कंबर दुखनी ते मी काय खाऊ?” रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, वेचणी अजून चालूच होती. मी पॅरासिटामॉल लिहून दिली, कमरेचा एक्स-रे काढला, स्टेरॉइड एकदम बंद न करता हळूहळू कसं उतरवायचं ते मुलाला कॅलेंडरवर खुणा करून दिलं. पुडी माझ्याकडे ठेवून घेतली आणि तिला दर सोमवारी बोलावलं. बसभाड्याची अडचण मुलाने सांगितली, तेव्हा तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवली.