ऊन उतरेपर्यंत

"चाळीस? आमच्याकडे एप्रिलमध्येच चाळीस होतं. काही होत नाही."

शनिवारी, २६ जून २०२१ला, पारा चाळीसला जाणार या बातमीवर मी तिला असं म्हणाले होते. हे वाक्य मला अजून टोचतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी मूळची चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीत होते, घर कवेलूंचं. लग्नानंतर कॅनडात आले आणि आता व्हँकुव्हरजवळच्या न्यू वेस्टमिन्स्टरमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करते. अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जेवण गरम करून द्यायचं, पायांवर सूज दिसते का ते बघायचं. एका घरी पाऊण तास, की पुढचं घर.

ते वाक्य जिला म्हणाले ती माझ्या यादीतली सगळ्यात जुनी. वय ८६, तिसरा मजला, जुनी लाकडी इमारत, लिफ्ट नाही. मनात मी तिला आजीच म्हणते, इथेही तेच म्हणेन. तिचं बालपण सस्कॅचवान प्रांतात गव्हाच्या शेतावर गेलं. तिथे हिमवादळात चार पावलांवरचं दिसत नाही, म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवायचे. वडील तो दोर हातात धरून गाईंची धार काढायला जायचे, असं ती सांगायची. माझ्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही एडमंटनला दिराकडे गाडीने निघालो, तेव्हा तिने मला समोर बसवून धडा दिला होता. गाडीत मेणबत्ती, काडेपेटी, घोंगडी आणि फावडं ठेव. बर्फात अडकलीस तर गाडी सोडून चालत जायचं नाही. इंजिन लावण्याआधी खाली उतरून धुराची नळी बर्फाने बुजली नाही ना ते बघ, नाहीतर विषारी धूर आत भरतो आणि माणूस झोपेतच जातो. मी हे सगळं कागदावर लिहून घेतलं होतं.

थंडीतलं तिला ठाऊक होतं ते तिने मला दिलं. उन्हातलं मला ठाऊक होतं आणि मी तिला काहीच दिलं नाही. मला ते ऊन वाटलंच नव्हतं.

रविवारी आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन नावाच्या गावात पारा ४६.६ वर गेला आणि कॅनडाचा ४५ अंशांचा विक्रम मोडला. तो विक्रम ५ जुलै १९३७चा होता, आणि तो सस्कॅचवानचाच. आजी तेव्हा दोन वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात सगळं घर तळघरात झोपायचं, असं तिची आई सांगायची. "आमचा विक्रम गेला," असं ती मला फोनवर म्हणाली. आवाज चांगला होता. मीही फोन ठेवून दिला.

सोमवारी, २८ तारखेला, सकाळी साडेसातला बसमधून उतरले तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. हवा सकाळची नव्हती. चंद्रपूरला मे महिन्यातही पहाटे चारला बाजेवर अंग थोडं निवतं, चादर ओढावीशी वाटते. इथे रात्रीने काहीच परत दिलं नव्हतं. जूनच्या शेवटी इथला सूर्य पाचनंतर लगेच उगवतो आणि मावळतो साडेनऊच्या सुमारास. सोळा तास ऊन. उरलेल्या आठ तासांत ती लाकडी इमारत निवणार कधी?

आजीकडे माझी वेळ दुपारी दोनची होती. आधीच्या दोन घरी उशीर झाला, पोहोचायला पावणेतीन वाजले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर हवा जड होत गेली. तिसऱ्या मजल्यावर तर आमच्या जुन्या घरच्या पोटमाळ्यावर चढल्यासारखं वाटलं. तिच्या दारासमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांचं दार होतं. ते माझ्या यादीत नव्हते. बाहेर वर्तमानपत्र पडलेलं होतं. ते मी ओलांडलं.

ती खुर्चीत बसली होती, अंगात स्वेटर. पश्चिमेची मोठी काच, पडदा अर्धा उघडा, ऊन थेट मांडीवर. कोणी पडू नये म्हणून त्या खिडक्या वीतभरच उघडतात. टेबलफॅन तिच्या तोंडावर गरम हवा फेकत होता. भिंतीवरचा काटा ३८ दाखवत होता.

"गरम नाही होत?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली, आणि मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती बहीण कधीच वारली आहे.

कोविडचे दिवस होते, त्यामुळे थर्मामीटर पर्समध्येच असायचा. कपाळावर ३९.८. कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा थेंब नाही. पहिला विचार कोविडचाच आला. दीड वर्ष आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण मग तिचे ओठ दिसले. लहानपणी शेजारच्या काकांना बैलगाडीतून शेतावरून आणलं होतं, तेव्हा त्यांचे ओठ असेच झाले होते आणि तेही असंच भलतंच बोलत होते. आई म्हणाली होती, "ऊन लागलं." घरात बसल्या बसल्या ऊन लागू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्याकडे ऊन लागतं ते बाहेर जाणाऱ्याला.

मी ९११ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरला, फोन केला. बराच वेळ नुसतीच घंटी. शेवटी एक मुलगी बोलली, तिचा आवाज बसलेला होता. रुग्णवाहिका पाठवतो, पण वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. तुम्ही तिला थंड करायला लागा, थांबू नका. त्या दिवशी सगळं शहरच तिला फोन करत होतं. मी तिला दोष देत नाही.

खरं तर मला नेमलेली कामं सोडून दुसरं काही करायची परवानगी नाही. पर्यवेक्षक बाईंना फोन लावला. त्यांनी एवढंच म्हटलं, "कर. कागद नंतर बघू."

स्वेटर काढला. खुर्ची ओढत न्हाणीघराच्या दारापर्यंत नेली, तिथे ऊन नव्हतं. नळाचं पाणी इथे डोंगरातून येतं, ते त्या दिवशीही गार होतं. तेवढीच एक गोष्ट आमच्या बाजूची होती. कपाटातली सुती चादर पाण्यात बुडवली आणि अर्धवट पिळून तिच्या अंगावर घातली. पाय बादलीत. फ्रीजरमध्ये गोठलेल्या मटारची दोन पाकिटं आणि मक्याचं एक होतं, ती टॉवेलमध्ये गुंडाळून दोन काखांत आणि मानेखाली ठेवली. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात, रक्त लवकर निवतं. मग पंखा त्या ओल्या चादरीकडे वळवला. मघाशी तोच पंखा तिला भाजत होता, आता तोच कुलर झाला. आमच्याकडच्या वाळ्याच्या ताट्यांमागचं गणित हेच. नुसता वारा शरीराहून गरम असेल तर तो शरीर तापवतो. ओल्यावरून गेला तर पाण्याची वाफ होताना उष्णता घेऊन जातो. हे मला शाळेपासून माहीत होतं. शनिवारी सांगायला दोन मिनिटं लागली असती.

पाणी पाजलं नाही. नीट शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिने सकाळी तापाची गोळी घेतल्याचं पाकिटावरून दिसलं. या तापाला ती लागू पडत नाही. आजारातला ताप शरीर स्वतःहून चढवतं आणि गोळी त्याला उतर म्हणते. इथे शरीर चढवत नसतं, बाहेरची उष्णता आत साठत असते. ती बाहेरूनच काढावी लागते. हृदयासाठी तिला लघवी वाढवणारी गोळीही चालू होती, म्हणजे अंगातलं पाणी तिकडूनही कमी होत होतं. वय झालं की तहान कळत नाही, उकाडाही कळत नाही. "गरम नाही होत" हे ती खोटं बोलत नव्हती.

चादर दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा भिजवत होते. किती वेळा ते आठवत नाही. पाठ भरून आली, मास्क तोंडाला चिकटला, मग तो मी काढूनच टाकला. तासाभराने ३८.७. ती म्हणाली, "माझा स्वेटर कुठे ठेवलास?" आणि या वेळी माझं नाव बरोबर घेतलं. मी जमिनीवर बसले आणि रडले. मग तिला घोट घोट पाणी दिलं, चिमूटभर मीठ आणि साखर घालून.

रुग्णवाहिका सव्वासहाला आली. आजी चार दिवस रुग्णालयात राहिली आणि घरी परतली. चालणं पूर्वीसारखं राहिलं नाही, वॉकर घ्यावा लागला. पण परतली.

समोरचं दार बुधवारी उघडलं, इमारतीच्या व्यवस्थापकाने. सोमवारी त्या वर्तमानपत्रावरून मी चार वेळा गेले होते. खाली रुग्णवाहिका आली का ते जिन्यात जाऊन बघताना. ते गृहस्थ तेव्हा जिवंत होते की नव्हते हे मला कोणी सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही.

त्याच बुधवारी लिटन जळून गेलं. आदल्या दिवशी तिथे ४९.६ होते, आणि एका संध्याकाळी गावाचा बहुतेक भाग राख झाला. बातम्यांत ते गाव होतं. समोरच्या दारासारखी दारं नंतर मोजली गेली. २५ जून ते १ जुलै या आठवड्यात ब्रिटिश कोलंबियात उष्णतेने ६१९ माणसं गेली. शंभरातली अठ्ठ्याण्णव घराच्या आत. निम्म्याहून अधिक एकटी राहणारी. बहुतेक सगळी साठीच्या पुढची. आमचं न्यू वेस्टमिन्स्टर जास्त फटका बसलेल्या भागांत होतं.

त्या जुलैत मी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस डिग्रीत माणसं कायले मरतील?" तिला समजावताना माझं मलाच उलगडत गेलं. आमच्याकडे मार्चपासून ऊन पायरी पायरीने चढतं, शरीराला सवय व्हायला आठवडे मिळतात. इथे तीन-चार दिवसांत झेप. आकाशात जास्त दाबाच्या हवेचं झाकण बसलं, खाली येणारी हवा दाबली जाऊन आणखी तापली आणि ते झाकण हललंच नाही. आमची घरं उष्णता बाहेर ठेवायला बांधलेली, इथली आत धरून ठेवायला. जमिनीवर गालिचा, भिंतीत कापसासारखं अस्तर, छत डांबरी. हिवाळ्यात जे जीव वाचवतं त्याचीच उन्हात भट्टी होते. आणि आमच्याकडे भर दुपारी चपला घालायला लागलं की घरातलं कोणीतरी "ऊन उतरू दे" म्हणतंच. इथे त्या सहाशे माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते म्हणणारं घरात कोणी नव्हतं.

चंद्रपुरात सगळं ठीक आहे असं मला म्हणायचं नाही. तिथे पत्र्याखाली राहणारे, भरउन्हात डांबर ओतणारे, वीटभट्टीवरचे, यांना "ऊन उतरू दे" कोण म्हणतं? त्यांची पोटाची वेळ उन्हाच्याच वेळी असते. आणि आता आईसुद्धा म्हणते की अंगणात बाज टाकून झोपलं तरी रात्री निवत नाही.

जुलै २०२२च्या शेवटी पुन्हा लाट आली. मागच्या वर्षीइतकी नव्हती, पण इथल्या घरांसाठी पुरेशी. त्याआधीच, मे महिन्यात, मी आजीसमोर बसले होते आणि या वेळी कागदावर तिने लिहून घेतलं होतं. सकाळी नऊच्या आत पश्चिमेचा पडदा बंद, काचेला बाहेरून चांदीचा कागद. ओली सुती चादर आणि पंखा. बादलीत पाय. खोली ३१च्या वर गेली की मला फोन. तहान लागो न लागो, दर तासाला पेलाभर पाणी. डॉक्टरांना विचारून उन्हाच्या दिवसांत त्या लघवीच्या गोळीचं काय करायचं ते आधीच ठरवलेलं.

लाटेच्या दुसऱ्या दिवशी मी अकरालाच पोहोचले. खोलीत अंधार होता. ती सुती झग्यात, पाय बादलीत टाकून बसली होती. मांडीवर ओला टॉवेल, शेजारी पेला. मी थर्मामीटर काढला तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"माझं मी बघितलं आहे," ती म्हणाली. "समोर नवीन माणूस आलाय, एकटाच आहे. मी सकाळी दोनदा दार वाजवलं, वॉकर घेऊन उभं राहवत नाही जास्त वेळ. आधी तिकडे जा."

मी पिशवी तिथेच ठेवली आणि समोरचं दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. आतून पावलं ऐकू येईपर्यंत वाजवत राहिले.